वेब-फॉर्ममधील चुकीची माहिती कशी ओळखावी

फॉर्मची तपासणी लिहिताना चुकीची नोंद अडवायची असते, तशीच बरोबर नोंद सुखरूप आत घ्यायची असते. या दुसऱ्या कामाची हेळसांड होते आणि मराठीत माहिती भरणाऱ्याला विनाकारण फॉर्म नाकारला जातो.

तपासणीआधी सफाई करावी. मागचीपुढची रिकामी जागा, मोबाइल क्रमांकातील डॅश आणि सुरुवातीचे +९१ काढून टाकावे. देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत, कारण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या रेगेक्समधील (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रातील) अंकाचे चिन्ह \d देवनागरी अंक ओळखत नाही, तर सर्व्हरवर पायथन ३ ही भाषा असेल तर तिच्यातील ओळखते; त्यामुळे तोच पिनकोड ब्राउझरमध्ये अडतो आणि सर्व्हरवर चालतो.

ठरलेल्या साच्याच्या नोंदींना कडक नियम लावावेत. मोबाइल क्रमांक १० अंकी आणि ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होणारा असावा. पिनकोड ६ अंकी असावा, पहिला अंक शून्य नसावा. आधारचा बारावा अंक हा आधीच्या अंकांवरून व्हेरहॉफ नावाच्या गणिती पद्धतीने काढलेला तपासणी-अंक असतो, म्हणून एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर चूक लगेच कळते. क्रमांक खरोखर कोणाला दिलेला आहे का, हे मात्र त्यावरून कळत नाही.

नावाच्या बाबतीत हात सैल सोडावा, असे माझे ठाम मत आहे. ‘फक्त अक्षरे’ हा नियम लावला की ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव नापास होते, कारण युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांतील अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) काना, मात्रा, उकार आणि हलन्त हे अक्षरांच्या नव्हे तर चिन्हांच्या वर्गात मोडतात. शिवाय काही कीबोर्ड अर्धा र लिहिताना एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, ते या दोन्ही वर्गांत नसते. हेच आडनाव यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत)  किमान २४ बाइट घेते, म्हणून कमाल लांबी ठरवतानाही सढळ असावे. नाव रिकामे नाही, एवढे पाहिले तरी बहुतेक ठिकाणी पुरते.

तारीख साच्यात बसली म्हणजे खरी ठरत नाही. जावास्क्रिप्टला ३१ जून ही तारीख वर्ष, महिना आणि दिवस अशा वेगवेगळ्या आकड्यांत दिल्यास ते निमूटपणे १ जुलै करून देते. म्हणून तयार झालेली तारीख मूळ आकड्यांशी पुन्हा ताडून पाहावी.

ब्राउझरमधील तपासणी कोणालाही बंद करता येते, तेव्हा हे सगळे नियम सर्व्हरवर पुन्हा लावणे अनिवार्य आहे. चूक सापडल्यावर ‘अवैध माहिती’ असे मोघम न लिहिता त्या रकान्याखालीच ‘पिनकोडमध्ये ५ अंक आहेत, ६ हवेत’ असे लिहावे आणि बाकीची भरलेली माहिती जशीच्या तशी ठेवावी.