लो शुगरची चाहूल लागेनाशी झाली तर ती परत कशी आणायची

हे सगळं डायबेटिससाठी इन्सुलिन किंवा शुगर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी आहे, बाकीच्यांनी उगाच बोटं टोचत बसू नये. मीटर जवळ आहे आणि डॉक्टरांशी बोलता येतं असं धरून चालतो.

आधी सोपं. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर, १५ मिनिटं थांबा, परत तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही कोंबू नका.

आता खरी डोकेदुखी. एकदा सकाळी मी शर्टाचं एकच बटण लावतोय, काढतोय, परत लावतोय, बायको म्हणाली आधी शुगर बघ, तर ४१! ना घाम ना थरथर. आणि यावर कोणीतरी म्हणतंच, "शरीराला सवय झाली, बरंच आहे की." काही बरं नाहीये.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के पण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा खातो, आणि स्वतःकडे साठा जवळपास शून्य. म्हणून हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या काही पेशी रक्तातल्या साखरेवर सतत नजर ठेवून असतात, ती घसरली की ॲड्रेनलिन सोडायला लावतात, आपली थरथर आणि धडधड ती हीच. पण वरचेवर लो होत राहिलं की मेंदू त्या खालच्या आकड्यालाच नॉर्मल धरतो, मग जो अलार्म ६५ च्या आसपास वाजायचा तो ४५ ला वाजतो, आणि तोवर विचार करणारा भागच ढेपाळलेला असतो, ऐकणार कोण?

उपाय एकच, निदान दोन-तीन आठवडे एकही लो होऊ द्यायची नाही. एकही म्हणजे एकही, कारण आजच्या एका लोने उद्याचा इशारा मंद होतो. मी पहिल्यांदा दहा दिवस सांभाळलं आणि अकराव्या रात्री झोपेत घसरली, झालं, पुन्हा पहिल्यापासून. दुसरी चूक म्हणजे मीटरवर १७० दिसलं की मला राहवायचं नाही, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) बिघडेल या भीतीने परस्पर जास्तीचं इन्सुलिन टोचायचो. हे अजिबात करू नका. डॉक्टरांकडून डोस आणि टार्गेट बदलून घ्या आणि ते थोडे चढे आकडे गुमान सहन करा.

रात्री ३ चा गजर लावून तपासा. अंगाला चिकटवून सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तर त्याचा अलार्म ७० ला नाही, ८० ला ठेवा, कारण तो पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. व्यायामानंतरची लो कित्येक तासांनी, भर झोपेतही येते. दारू तर या काळात बंदच, यकृत तिच्यात गुंतलं की नवी साखर बनवायचं काम मागे पडतं. बीटा ब्लॉकर (बीपी किंवा हृदयासाठीची, धडधड दाबणारी गोळी) चालू असेल तर धडधडीची वाट बघू नका, घामाकडे लक्ष ठेवा. गाडीला चावी लावायच्या आधी टेस्ट.

माझे हात तिसऱ्या आठवड्यात थरथरले, मीटरवर ६३, इतका आनंद शुगर लो झाल्याचा कधी झाला नव्हता. खूप जुना डायबेटिस असेल तर चाहूल अर्धवटच परतू शकते, मग सेन्सर सोडू नका. आणि परतली म्हणून दुसऱ्या दिवशी जुन्या डोसवर उडी मारू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू.