जे टाळता, तिथून सुरुवात करा

मी व्यायाम शिकवते. नवीन माणूस आला की त्याला काय जमतं हे मी नंतर विचारते, आधी विचारते, ‘काय टाळता?’ चालणारे वजनं टाळतात, वजनं उचलणारे ताणाचे व्यायाम टाळतात, आणि एका पायावर उभं राहा म्हटलं की दोघांचेही हात भिंतीकडे जातात. कम्फर्ट झोनची वेस नेमकी तिथंच असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला, आणि त्याखेरीज किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. पहिला भाग पुष्कळ जण मनापासून पाळतात. दुसरा राहून जातो, आणि पुढे खुर्चीतून उठताना तो जाणवायला लागतो.

पुश-अप्सचंच बघा. जमिनीवर एकही निघत नसेल तर भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्या. हे १२-१५ वेळा सहज व्हायला लागलं की भिंत सोडा आणि न हलणाऱ्या टेबलाची कड धरा. मग पायरी, मग जमीन. हात जितके खाली, तितकं अंगाचं वजन त्यांच्यावर जास्त येतं. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडलेच पाहिजेत. पण कंबर झोळीसारखी खाली यायला लागली की थांबा. संख्या पुरी करायचा हट्ट नको.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वजन वाढवलंत तर संख्या कमी करा, वेग वाढवलात तर अंतर तेच ठेवा. सगळं एकदम वाढवलं आणि दुखलं, तर कशाने दुखलं हे कळणार कसं?

चालताना बोलून बघा. पूर्ण वाक्य निघतं पण गाणं म्हणता येत नाही, तर जोर मध्यम. चार शब्दांत दम लागतो, तर जास्त. नेहमीच्या फेरीत मधूनमधून मिनिटभर दम लागेल असं चाला.

नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखतात. बरेच जण इथंच सोडून देतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण तोच व्यायाम पुढच्या वेळी केला की दुखणं बरंच कमी होतं. सांध्यात तीव्र कळ, छातीत दुखणं किंवा चक्कर आली, तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा त्रास आधीपासून असेल तर सुरुवातच त्यांना विचारून करा.

व्यायामाबाहेरही माझी पद्धत हीच. मीटिंगमध्ये तोंड उघडत नसेल तर एकदम भाषणाला उभं राहू नका. एक प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सुरुवातीलाच विचारून टाका. जितकं लांबवाल तितकी धडधड वाढते. पुढच्या वेळीही एकच प्रश्न. आवाज कापायचा थांबला, की कागद न घेता जा.