सहाने भागलं आणि फसले

चंद्रावरच्या वस्तीसाठी इमारती डिझाइन करायच्या म्हणून या क्षेत्रात येणारे बरेच जण माझ्यासारखेच असतात. सिव्हिलची पदवी झालेली, बीम-कॉलम-स्लॅब हातातला मळ, आणि डोक्यात एकच आकडा घट्ट बसलेला: चंद्राचं गुरुत्व आपल्या एक षष्ठांश. इथे ९.८१, तिथे १.६२. म्हणजे सगळे लोड सहाने भागायचे, सेक्शन बारीक करायचे, झालं.

माझं एमटेकचं जवळजवळ एक वर्ष या भागाकारात गेलं. पाच मीटर त्रिज्येचा काँक्रीटचा घुमट घेतला. किरणोत्सार आणि सूक्ष्म उल्का अडवायला वर तीन मीटर रेगोलिथ, म्हणजे तिथली माती. सॉफ्टवेअरमध्ये जी ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत बदलली आणि रन केलं. सगळं हिरवं, म्हणजे सुरक्षित. घुमटाची जाडी निम्मी केली, तरी हिरवं! मी खूश. तेव्हाच संशय यायला हवा होता.

सादरीकरणाला बाहेरून आलेले परीक्षक प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या, कामात केस पिकलेले गृहस्थ होते. दुसऱ्याच स्लाइडला त्यांनी थांबवलं. "आतली माणसं श्वास कशात घेणार?" मी म्हटलं, सर, लाइफ सपोर्ट आमच्या स्कोपमध्ये नाही. ते म्हणाले, "हवा नसेल स्कोपमध्ये. हवेचा दाब आहे ना?"

माझ्या मॉडेलमध्ये तो नव्हताच. पृथ्वीवर घराच्या आत-बाहेर सारखीच हवा, त्यामुळे तो लोड मोजायची सवयच आपल्याला नसते. चंद्रावर बाहेर निर्वात. आत समुद्रसपाटीइतका दाब ठेवला तर दर चौरस मीटरला दहा टन. जरा कमी ठेवून ७० किलोपास्कल धरला तरी सात टन. आता माझा घुमट घ्या. तळाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटर, म्हणजे छताला वर उचलणारा जोर सुमारे ५६० टन. आणि वरची तीन मीटर माती? घनता पाण्याच्या १.७ पट धरली तर वस्तुमान ४०० टन, पण चंद्रावर ती दाबणार फक्त ६६ टनांनी. नुसत्या मातीने छत दाबून धरायचं तर पंचवीस मीटर थर हवा. आणि मी काँक्रीटमधलं कॉम्प्रेशन, म्हणजे चेपलं जाणं, तपासत बसले होते! मराठीत प्रेशरही दाब आणि कॉम्प्रेशनही दाब. वहीत मी पानभर 'दाब' लिहिलं होतं, पण प्रत्यक्षात त्या घुमटात सगळीकडे ताण होता, म्हणजे ओढ, आणि साधं काँक्रीट ताणात फारसं टिकत नाही ते तुम्हाला सांगायला नको.

इथवर बहुतेकांना एका बैठकीत कळतं. खरा सापळा पुढे आहे. मी त्यात दुसऱ्यांदा अडकले, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

छत वर उडतंय म्हटल्यावर सिव्हिलवाल्याच्या मनात पहिलं काय येतं? अँकर, म्हणजे जमिनीत रोवून इमारत धरून ठेवणारे दांडे. मीही घुमटाच्या कडेने अँकरांची माळ लावली. चुकीचं. एकतर अँकरची पकड घर्षणावर, घर्षण मातीच्या वजनावर, आणि वजन झालंय एक षष्ठांश. शिवाय ते बसवायला भोकं पाडायची तर ती माती वरून भुसभुशीत आणि फूटभर खाली घट्ट दाबलेली. अपोलो १५ च्या वेळी, १९७१ मध्ये, उष्णतामापनासाठी तीन मीटरचं भोक पाडायचं होतं, पहिलं भोक दीड मीटरच्या थोडं पुढे जाऊन अडकलं. पण मूळ मुद्दा हा की अँकरची गरजच चुकीच्या चित्रातून आली होती. मी घुमट खालून उघडा ठेवला होता, जणू जमीन हीच फरशी. हवा तिथून झिरपून जाणार, ते वेगळंच.

तळ बंद करा, फरशी आणि घुमट एकसंध जोडा. छतावर ५६० टन वर, फरशीवर ५६० टन खाली, आणि दोन्ही एकमेकांना भिंतीतून ओढून धरतात. जमिनीवर येतं ते फक्त वजन. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारं चित्र, दोनदा काढा, एकदा आख्ख्या इमारतीचा आणि एकदा फक्त फरशीचा. मी दुसरा काढला नाही. मला वाटलं, फरशी तर जमिनीवर टेकलेली आहे, तिला काय होणार? पण जमीन वजनाइतकंच वर ढकलू शकते, त्याहून जास्त नाही. फरशीवर हवेचे ५६० टन आणि खालून आधार जेमतेम वजनापुरता. मग सपाट फरशी काय करते? मधोमध जमिनीत रुतू बघते आणि कडेला भिंत तिला उचलते. कडेच्या सांध्यात जो बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) येतो तो बघून मी लॅपटॉप मिटून फिरायला गेले होते. उपाय दोनच: तळालाही बाक द्या, किंवा फरशी भलतीच जाड करा. आकार गोल, नळकांडं किंवा डोनटसारखा ठेवायचा तो याचसाठी. अडीच मीटर त्रिज्येच्या नळकांड्यात ७० किलोपास्कलला तीन मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये जेमतेम ५८ मेगापास्कल ताण येतो. सपाट भिंतीला हा हिशेब करून बघाच एकदा.

आणि लगेच उलटी केस. गळती झाली, हवा गेली, आता तेच ६६ टन त्या पातळ कवचावर बसलेत आणि आतून आधार शून्य. बकलिंग, म्हणजे पातळ कवच चेपून आत दुमडणं, तपासा. दाब असताना आणि दाब नसताना, दोन्ही लोड केस (भाराच्या स्थिती) हव्यात. एकीत पास झालं म्हणून आनंद करू नका.

सहाने भागण्याच्या रोगाचं आणखी एक लक्षण: वस्तुमान भागलं जात नाही. अपोलोच्या भूकंपमापकांनी १९७७ पर्यंत २८ उथळ चंद्रकंप नोंदवले. त्यातले काही ५ तीव्रतेच्या आसपासचे, आणि जमीन इतकी कोरडी की थरथर दहा-दहा मिनिटं चालू राहते. त्या हादऱ्यात वरची माती ४०० टनांचीच असते.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर ढिगाने पेपर आहेत. एवढंच सांगते, की गंधकाचं काँक्रीट (सिमेंटऐवजी वितळवलेल्या गंधकाने बांधलेलं) पाण्याशिवाय होतं म्हणून भुलू नका. गंधक ११५ ते ११९ अंशांच्या आसपास वितळतं आणि विषुववृत्तापाशी चांद्रदुपार १२० पर्यंत जाते. निर्वातात ते हळूहळू उडूनही जातं. मातीखाली गाडलं तर गोष्ट वेगळी. माती किती उत्तम पांघरूण आहे ते चांद्रयान-३ ने २०२३ मध्ये दाखवलंच: पृष्ठभागाशी ५० अंशांच्या वर आणि अवघ्या आठ सेंटिमीटरवर उणे १०. थ्रीडी प्रिंटिंगने बांधलेल्या वस्त्यांच्या देखण्या रेंडरांबद्दल, म्हणजे संगणकावरच्या चित्रांबद्दल, माझं मत कडू आहे. ज्या चित्रात सपाट काचेच्या मोठमोठ्या खिडक्या दिसतील त्यामागे हिशेब झालेला नाही असं मी धरून चालते. अन्याय होत असेल कुणावर, तर होवो.

मार्गदर्शक कोण शोधावा? माझं म्हणणं, नावात 'स्पेस' असलेल्या माणसामागे धावू नका. बॉयलर, टाक्या, पाणबुड्या असल्या कामातला, हातात पेन्सिल घेऊन बसणारा माणूस गाठा. माझे गाइड भले होते, पण हिरवा रंग पाहून तेही खूश झाले. आणि सॉफ्टवेअरच्या आधी पानभर हातहिशेब. यात शॉर्टकट नाही, मी सगळे करून पाहिलेत.

घाबरवायचा हेतू नाही. उलट, तुम्हाला येतं ते बहुतेक सगळं इथे लागतं, फक्त बाणांच्या दिशा बदलतात. पातळ कवचांचा अभ्यास झाला असेल तर तुम्ही माझ्या वर्षभर पुढे आहात. प्रबंध मला सहा महिने वाढवून घ्यावा लागला, पण पास झाले आणि त्याच परीक्षकांच्या ओळखीने पहिली नोकरी लागली. टाक्यांच्या डिझाइनची. चंद्राचा तिथे संबंध नव्हता, पण आज जे येतं त्यातलं निम्मं तिथलं आहे.

सध्या माझ्यासमोर दार आहे. एक मीटर बाय दोन मीटर, म्हणजे हवेचे चौदा टन. ते आतल्या बाजूला उघडणारं ठेवलंय, म्हणजे हवाच त्याला चौकटीवर दाबून बंद ठेवते. पण कवचाला एवढं भोक पाडलं की सगळा ताण चौकटीच्या कोपऱ्यांत गोळा होतो. कोपरे गोल केले, चौकट जाड केली, ताण मर्यादेत आला. आता ती चौकट दाबाखाली किंचित पिळवटते आणि सील एका बाजूला उचललं जातं. त्या फटीत काचेच्या चुऱ्यासारखी धूळ शिरणार. तीन आठवडे झाले, पिळवट अजून निम्मीच कमी झालीय.