लातुरात खाऱ्या पाण्याची टाकी आणि संपमधली गाळणी

डाळ मिलमध्ये २२ वर्षं मशीन सांभाळण्यात गेली, म्हणून गाळणीकडे बघायची नजर तिथलीच आहे. आमच्याकडे धूळ धरायला फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाच्या, लांब पिशव्या असतात. धूळ पिशवीत अडकली म्हणजे गेली असं कधी होत नाही. पिशवी झटकावी लागते, नाही झटकली की हवा कोंडते आणि पंखा कण्हायला लागतो. घरच्या समुद्री माशांच्या टाकीखालच्या संपमध्ये अगदी हेच. (संप म्हणजे खालचा दुसरा हौद. कामगारांचा नव्हे.) गाळणीत अडकलेली माशांची घाण आणि उरलेलं खाणं पाण्यातच असतं, वरून सगळं पाणी त्यातूनच फिरत राहतं. दोन-तीन दिवसांत ते कुजायला लागतं, अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचं शेवटी नायट्रेट करतात. दुकानदार आधी मायक्रॉन, म्हणजे गाळणीच्या भोकांचं माप, विचारतो. तुम्ही आधी स्वतःला विचारा, की माझा हात तिथं किती दिवसांनी जाणार? आणि खरं उत्तर द्या.

माझी टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण २४० लिटर. क्लाउनफिशची जोडी, एक ब्लेनी मासा, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आणि दगड. दगडी प्रवाळ आपल्याकडे कायद्यानं संरक्षित आहेत, त्या वाटेला मी गेलो नाही. संपमध्ये वरचं पाणी पहिल्या खणात उतरतं. गाळणी तिथंच हवी, स्किमरच्या आधी. (स्किमर म्हणजे बुडबुड्यांच्या फेसात घाण ओढून कपात जमा करणारं यंत्र.)

स्पंज सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा. खणांच्या मधे कोंबला की दिसत नाही, दिसत नाही म्हणून महिनाभर कुणी काढत नाही. काढला की त्यातून जे काळं पाणी निथळतं, ते इतके दिवस टाकीतच होतं. मी वर्षभर तो वापरला आणि नायट्रेट का उतरत नाही म्हणून खाण्याला दोष देत बसलो.

त्यापेक्षा फ्लॉस बरा. म्हणजे उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस. गादीवाल्याकडे किलोवर मिळतो, पण सिलिकॉनचा हात दिलेला गुळगुळीत कापूस घेऊ नका, कोरडा, रंग-वास नसलेला मागा. मूठभर घ्यायचा, भोकांच्या डब्यात सैल पसरायचा, तिसऱ्या दिवशी फेकायचा. धुवायची भानगड नाही. २०१६ च्या एप्रिलात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हा गुण छोटा नाही. नव्या माणसाला मी आधी फ्लॉसच सांगतो. दाबून भरलात तर मात्र पाणी कडेनं वाट काढतं आणि कापूस मधे कोरा राहतो.

सॉक म्हणजे मोज्यासारखी पिशवी. फेल्टची आणि नायलॉनच्या जाळीची, असे दोन प्रकार. फेल्टमध्ये १०० आणि २०० मायक्रॉन सहज मिळतात. १०० म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पाणी काचेसारखं होतं, पण मऊ खाणं जास्त घालणाऱ्याच्या टाकीत ती दोन दिवसांत चोंदते. रोजच्या वापराला २०० पुरे. वाळू हलवली, दगड झाडला, तर तेवढ्या दिवसापुरती १०० ची लावावी आणि संध्याकाळी काढावी. जाळीची पिशवी बारीक कण सोडते, पण नळाखाली धरली की मिनिटात साफ. धुवायचा कंटाळा असलेल्यानं तीच घ्यावी. पाण्यातले बारीक जीव, कोपेपॉड वगैरे, फेल्टमध्ये जास्त अडकून मरतात. ज्याला ते वाढवायचेत त्यानं फेल्ट रोज लावू नये.

मायक्रॉनपेक्षा आकारावर भांडा. ४ इंच व्यासाची १२ इंची पिशवी आणि ७ इंच व्यासाची १६ इंची, ह्यांच्या कापडात दुपटीहून जास्त फरक आहे. कापड जास्त तितकी चोंदायला उशीर. संप बनवून घेताना खण ७ इंचीच्या मापानं ठेवायला सांगा, नंतर काच वाढत नाही.

मी पिशव्या शिवूनच घेतो. मिलला फेल्ट येतो त्याच दुकानातून कापड आणलं आणि गंजगोलाईजवळच्या ओळखीच्या शिंप्याकडं गेलो. त्यानं माप बघितलं, माझ्या पायाकडं बघितलं. "मालक, हे कुणाच्या पायात घालायलाव?" मग त्यानंच शहाणपणाची गोष्ट सांगितली: एकेरी शिलाई मारली तर सुईच्या भोकांतून पाणी निघून जाईल, कड दुमडून दुहेरी मारू. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा पाण्यात कुजतो. कापड विचारून घ्या. धुळीच्या पिशव्यांचा काही फेल्ट अँटिस्टॅटिक असतो, त्यात धातूचे किंवा कार्बनचे धागे असतात. काहींवर पाणी-तेल न धरणारा लेप असतो. हे दोन्ही नकोत. साधा पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. तोंडाला प्लास्टिकची कडी, लोखंडी तार चालणार नाही, मीठ तिला खातं.

अशा सहा पिशव्या करा. एक पाण्यात, बाकी धुऊन वाळलेल्या.

धुण्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथंच माझं नाक कापलं गेलं. एकदा मळक्या पिशव्या मोरीत पडलेल्या बघून हिनं कपड्यांबरोबर मशीनला लावल्या, पावडर घालून. मला माहीत नाही. रात्री नवी म्हणून एक चढवली. पहाटे उठलो तर स्किमरचा कप भरून फेस संपमध्ये, संपमधून कपाटात, कपाटातून चपलांपर्यंत. साबणाचा अंश फेल्टमध्ये राहिला की स्किमर असा पिसाळतो. तेव्हापासून पद्धत ठरली. पिशवी उलटी करायची आणि पाण्याच्या जोरानं घाण उडवायची. ह्याला मी आरओचं वाया जाणारं पाणी साठवतो, आमचं मशीन लिटरमागं तीनेक लिटर सोडतंच. मग बादलीभर पाण्यात कपभर साधं ब्लीच, सुगंधाचं नको, आणि रात्रभर भिजत. त्यात व्हिनेगर किंवा संडासाचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. सकाळी दोन-तीन पाण्यांतून काढून, चिमूटभर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घातलेल्या पाण्यात बुडवायची. मग दोरीवर. उन्हाळ्यात लातूरचं ऊन तासाभरात कडक करतं. नाकाशी धरा. क्लोरीनचा वास आला तर पुन्हा हायपोत.

रोलर मॅट म्हणजे कापडाचा गुंडाळा. पुढचा भाग चोंदला की पाणी चढतं, तरंगता खटका उचलला जातो, मोटर नवं कापड पुढं सरकवते. मळका भाग गुंडाळून पाण्याबाहेर जातो, घाण आपोआप बाहेर काढणारी गाळणी हीच. ज्याला फिरतीची नोकरी आहे त्यानं पैसे साठवून हीच घ्यावी. पण आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा गेली-आली तर दर वेळी पाण्याचा लोंढा येतो, खटका उगाच उचलला जातो आणि कापड कोरंच पुढं जातं. गुंडाळा लवकर संपतो. इन्व्हर्टरवर रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत वर चढवणारा) असेल तर हा त्रास नाही.

विजेवरून आठवलं. पंप बंद पडला की टाकीतलं वरचं पाणी संपमध्ये उतरतं. माझ्या टाकीत पातळी अडीच सेंटिमीटर उतरली की साडेतेरा लिटर खाली येतं, ७५ बाय ४० सेंटिमीटरच्या संपमध्ये ते साडेचार सेंटिमीटर चढतं. तेवढी जागा वर मोकळी हवीच. पिशवीचा होल्डर असा बसवा की त्याचं तोंड संपच्या बाहेरच्या काचेपेक्षा खाली राहील. मग पिशवी चोंदली तरी पाणी तिच्यावरून संपमध्येच सांडतं, फरशीवर नाही. पाईपचं टोक पिशवीतल्या पाण्यात बोटभर बुडवा, खळखळ आणि बुडबुडे दोन्ही कमी होतात. पिशवीच्या तोंडापासून तीन बोटं खाली मार्करनं होल्डरवर रेघ मारून ठेवा. पाणी रेघेला टेकलं की लगेच बदला, तिसऱ्या दिवसाची वाट बघत बसू नका. तीन दिवसांपलीकडं मात्र जाऊ नका, रेघेला टेकलं नसलं तरी.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे शेतात असतो, आंबील-भज्जी उरकून कधी कधी रात्रही तिथंच होते. अशा वेळी आदल्या संध्याकाळी मी पिशवी काढूनच ठेवतो आणि होल्डर रिकामा सोडतो. एक-दोन दिवस पाणी थोडं गढूळ दिसतं. परत आलो की पायातली माती धुऊन पहिली नवी पिशवी चढवतो.