शास्त्रीय संगीताचे ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या हाती देताना

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे तबकडीसाठी मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारले. तबकड्या छापायला परदेशी जात असत आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग होता. आज आपल्यापर्यंत येणाऱ्या बऱ्याच फायलींवर मात्र ‘ट्रॅक ०३’ किंवा ‘जुनी मैफल, फार सुंदर’ एवढेच लिहिलेले असते. गाणे ऐकू येते, पण कोणाचे, कधीचे, कुठून आलेले याचा पत्ता लागत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण इतरांना देण्याची तयारी माहिती लिहिण्यापासून करावी. ध्वनीच्या दर्जाचा विचार त्यानंतर.

प्रत्येक मुद्रणासोबत एक छोटी टिपणी असावी आणि ती फाइलीच्या नावात कोंबण्यापेक्षा वेगळ्या मजकुरात लिहावी. तीत कलाकार, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, साथीदारांची नावे, मुद्रणाचे वर्ष व स्थळ, आणि मूळ साधन, म्हणजे ७८ गतीची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी, एलपी (जास्त वेळ वाजणारी नंतरची तबकडी), रेडिओवरून घेतलेली फीत की घरगुती मैफल, हे यावे. तबकडी असेल तर तिच्या लेबलावरचा क्रमांक जसाच्या तसा उतरून घ्यावा, कारण लेबलावरच्या नावात चूक असली तरी क्रमांकावरून ती पुढे दुरुस्त करता येते. मुद्रणाचे वर्ष आणि प्रकाशनाचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलपीच्या वेष्टनावर दिसणारे साल बहुधा प्रकाशनाचे असते आणि मैफलीतले गाणे कलाकाराच्या पश्चात कितीतरी वर्षांनी बाहेर आलेले असू शकते. साथीदारांची नावे गाळण्याची आपली सवय तर अक्षम्यच म्हणावी लागेल. तबल्यावर कोण आहे हे कळले की मुद्रणाचा काळ ठरवायला पुष्कळदा तेवढाच धागा पुरतो.

जे ठाऊक आहे आणि जो अंदाज आहे, त्यांची सरमिसळ करू नये. राग ओळखू आला, पण खात्री नसेल, तर नावापुढे प्रश्नचिन्ह टाकावे आणि अंदाज कशावरून केला ते एका वाक्यात सांगावे. हे प्रश्नचिन्ह अनेकांना कमीपणाचे वाटते, परंतु ते न टाकल्यामुळे एका माणसाचा तर्क चौथ्या हातात जाईपर्यंत ठाम माहिती बनलेला असतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत पंचम वर्ज्य (म्हणजे न लागणारा), ऋषभ कोमल आणि मध्यम तीव्र. केवळ स्वर मोजून नाव दिले तर चूक होणारच. मारव्यात कोमल ऋषभ व धैवतावरचा मुक्काम, पूरियात गांधार-निषादाचे महत्त्व, सोहनीत तार षड्जाभोवती घुटमळणारे चलन, असे काही ऐकून मगच नाव लिहावे. मैफलीतल्या फितीवर दोन राग एकापाठोपाठ असतील तर दुसरा कितव्या मिनिटाला सुरू होतो तेही नोंदवावे, नाहीतर पूर्ण फीत पहिल्याच रागाच्या नावाने ओळखली जाते.

संगणकावर उतरवून घेताना तोडफोड शक्य तितकी कमी करावी. रेडिओवरच्या फितीतले निवेदन, गाण्याआधी तानपुरे जुळवल्याचा आवाज, मधली दाद, गायकाने साथीदाराला हळूच सांगितलेला शब्द हे सारे अनावश्यक समजून कापले जाते; खरे तर निवेदनातच साथीदारांची नावे असतात, आणि दाद कुठे मिळाली यावरून श्रोतृवर्ग कसा होता हे कळते. खरखर घालवण्याचे सॉफ्टवेअर हाती आले की ते शेवटच्या टोकापर्यंत वापरण्याचा मोह होतो. मात्र खरखरीबरोबर तानपुऱ्याचा झंकार आणि आवाजाची धार हीसुद्धा निघून जाते, आणि गाणे पाण्याखालून येत असल्यासारखे वाटू लागते. स्वच्छ केलेली प्रत जरूर द्यावी, पण मूळ प्रत जपून ठेवावी आणि मागेल त्याला तीही द्यावी.

वेगाची तपासणी करणे फार गरजेचे असते आणि तीच सर्वांत जास्त राहून जाते. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित होत असतच असे नाही, आणि घरगुती टेपरेकॉर्डरही कधी संथ, कधी जलद चालत. वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढला की स्वर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीच्या काळी एकमध्ये गायलेले गाणे तिच्या लगतच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येते. गळा बारीक वाटणे, तबला टणटणीत आणि घाईत वाजल्यासारखा भासणे ही त्याची लक्षणे. त्याच कलाकाराच्या त्याच काळातल्या, खात्रीच्या मुद्रणातली पट्टी पडताळून पाहावी. फितीत विजेची गुणगुण ऐकू येत असेल तर तिचाही उपयोग होतो, कारण भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि ती गुणगुण ५२ च्या आसपास मोजली गेली तर फीत सुमारे ४ टक्के जास्त वेगाने धावते आहे, असा अंदाज बांधता येतो. वेग बदललात तर किती बदलला, ते टिपणीत लिहावे.

फाइलीच्या स्वरूपाबद्दल थोडक्यात. जतन करायची प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी, ऐकायला पाठवायची प्रत एमपी-थ्रीमध्ये चालते, जरी त्यात फाइल लहान करताना आवाजातला काही भाग गमावला जातो. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे ध्वनिमुद्रण वेव्हमध्ये ६०० एमबीच्या पुढे जाते; फ्लॅकमध्ये ते बहुधा जवळजवळ निम्म्यावर येते आणि आवाजात काहीही गमावले जात नाही. एमपी-थ्रीचे पुन्हा एमपी-थ्री करू नये, आणि एमपी-थ्रीवरून फ्लॅक करून ती उत्तम प्रत असल्याचे भासवणे तर अप्रामाणिकच.

देण्याआधी हक्कांचा विचार टाळता येत नाही. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो आणि कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क त्याच पद्धतीने मोजून ५० वर्षे. जे बाजारात रीतसर उपलब्ध आहे, त्याची प्रत न वाटता ते कुठे मिळेल, ते सांगावे. घरगुती मैफलींचा प्रश्न निव्वळ कायद्याचा नाही. यजमानाने स्वतःच्या ऐकण्यापुरते मुद्रण करावे एवढीच परवानगी गायकाने दिलेली असेल, किंवा त्या दिवशी गळा बसलेला असेल आणि ते गाणे बाहेर जाऊ नये अशी त्याची इच्छा असेल. ज्याच्याकडून फीत मिळाली त्याला विचारल्याशिवाय ती पुढे देऊ नये, आणि विचारणे शक्य नसेल तर ती आपल्यापाशीच ठेवावी.

ऐकल्यानंतरच्या चर्चेत ‘काय गायलंय’ ही दाद स्वाभाविक आहे, पण तेवढ्याने बोलणे पुढे सरकत नाही. नेमकी जागा दाखवावी. ‘१४ मिनिटे २० सेकंदांपाशी समेवर येताना मुखडा अर्ध्या मात्रेने उशिरा उचलला आहे, आणि तो मुद्दाम उचलला असावा, कारण पुढच्या आवर्तनात तीच करामत पुन्हा होते’ असे (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, मुखडा म्हणजे तिच्याकडे नेणारे बंदिशीचे सुरुवातीचे शब्द) कोणी लिहिले की चारजण फाइल पुन्हा लावतात. समोरच्याने ऐकावे असे वाटत असेल तर तासाभराची फाइल पाठवून ‘नक्की ऐका’ म्हणण्याऐवजी सुरुवातीला कोणती पाच मिनिटे ऐकावीत, ते सांगावे. नाव न सांगता गाणे ऐकवण्याचा प्रयोगही करून पाहण्यासारखा आहे. मोठे नाव आधी कळले की कान आपोआप नम्र होतात, आणि अपरिचित नाव कळले की दोष शोधू लागतात.

तुलना करताना मुद्रणाच्या साधनाची मर्यादा ध्यानात ठेवावी. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम ३ ते ४ मिनिटे मिळत, आणि तेवढ्यात आलाप, बंदिश व ताना बसवणे ही वेगळीच कला होती. गायिका केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे. तिच्यावरून त्यांच्या मैफलीतल्या बढतीविषयी, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेण्याविषयी, निष्कर्ष काढता येणार नाहीत. गायक अमीर खाँ साहेबांच्या एका एलपीत एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे, तिथे विलंबिताला (संथ लयीतल्या गायनाला) काहीशी जागा मिळाली, तरी तीही मैफल नव्हे. घराण्यांच्या वादात हे भान सुटते आणि तबकडीतल्या गायकाची कोणा दुसऱ्याच्या दीड तासाच्या बैठकीशी बरोबरी लावली जाते. एका गायकाचा एकच राग दोन वेगळ्या दशकांतला मिळाला तर तो शेजारी ठेवून ऐकावा, माझ्या मते शिकायला त्याहून जास्त मिळते.

चूक दाखवली गेल्यावर दुरुस्ती कशी करावी, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. एका जुन्या फितीवर ‘भूप’ असे लिहिलेले होते आणि स्वरही तेच, सा रे ग प ध, म्हणून मी तेच नाव लिहून ती तिघांना पाठवली. त्यांतल्या एका ज्येष्ठ श्रोत्याने उत्तर दिले की गायक गांधारावर फारसा थांबतच नाही, सगळा जोर धैवतावर आणि उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात) आहे, तेव्हा हा देशकार असणार. पुन्हा ऐकल्यावर ते निर्विवादपणे पटले. मी तिघांनाही नवी टिपणी पाठवली, पण जुने नाव पुसले नाही, कारण माझ्याकडून गेलेली पहिली प्रत तोवर आणखी कोणाकोणाकडे पोचलेली असणार आणि त्यांना दोन्ही नोंदी एकाच फितीच्या आहेत हे कळायला हवे होते. त्या फाइलीवर आता ‘देशकार, आधी भूप म्हणून दिलेले’ असे लिहिलेले आहे.