एचआयव्हीच्या गोळ्या तरुण मुलं का चुकवतात? घरच्यांनी या चुका टाळा

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढल्याचा रिपोर्ट आला की घरात पहिला शब्द निघतो, 'निष्काळजी'. पण पुष्कळदा कारण विसरभोळेपणाचं नसतं, लपवाछपवीचं असतं. पाहुणे आलेत, खोलीत मित्र आहे, बाटली खुळखुळेल, म्हणून डोस राहतो.

पहिली चूक: मोबाइलवर गजर लावून मोकळं होणं. गजर वाजतो, सगळे वळून बघतात आणि मुलगी तो घाईघाईने बंद करते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी दिवसातून एकदाच असते आणि ती रात्रीच घ्यायला हवी असं नाही. झोप उडत असेल तर सकाळच बरी. मुलाला हमखास एकांत मिळतो ती वेळ त्यालाच ठरवू द्या. आठवड्यापुरत्या गोळ्या घट्ट झाकणाच्या छोट्या, कोरड्या डबीत ठेवा. डबी कापडात गुंडाळली की आवाज होत नाही. बाकीच्या मूळ बाटलीतच राहू द्या, आतली ओलावा शोषणारी पुडी काढू नका.

दुसरी चूक: उपवासाला गोळी बंद करणं. डोल्युटेग्रॅव्हिर रिकाम्या पोटीही चालतं. डारुनाव्हिर, अटाझानाव्हिर, रिलपिव्हिरिन ही एचआयव्हीची दुसरी औषधं मात्र जेवणासोबतच घ्यावी लागतात. उपवास धरायचाच असेल तर वेळ कशी सरकवायची हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

तिसरी चूक: ताकद यावी म्हणून गोळीसोबतच टॉनिक देणं. यामागे मायाच असते, पण कॅल्शियम आणि लोह डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच बांधून ठेवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. गोळी टॉनिकच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्या. भरल्या जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात; ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या आम्लपित्ताच्या औषधांना ही सवलत नाही. 'सेंट जॉन्स वॉर्ट' ही वनस्पती तर औषधाचं रक्तातलं प्रमाणच घटवते. काढा किंवा चूर्ण चालू असेल तर पाकीट दवाखान्यात दाखवा. समुपदेशकांनीही यावरून रागावू नये. एकदा बोलणी बसली की घरचे पुढच्या वेळी सांगतच नाहीत. श्रद्धेचंही तसंच: प्रार्थना जरूर करा, गोळी मात्र थांबवू नका. रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही तो औषधामुळे. औषध थांबलं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत तो परत वाढतो.

चौथी चूक: 'ही शक्तीची गोळी आहे' असं सांगत राहणं. मूल मोठं होतं, नाव शोधतं आणि विश्वास तुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार शाळकरी वयातच, 6 ते 12 वर्षांच्या दरम्यान, समजेल तसं सांगत जावं. तरुणांना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: रोज औषध घेऊन व्हायरल लोड न सापडण्याइतका कमी टिकला, तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही जोडीदाराला होत नाही. लग्न होणारच नाही, या धास्तीने औषध सोडणाऱ्याला हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

पाचवी चूक: चुकलेला डोस दुपटीने भरून काढणं. डोल्युटेग्रॅव्हिर आठवेल तेव्हा घ्या. पुढचा डोस 4 तासांच्या आत असेल तर चुकलेला सोडून द्या.

व्हायरल लोड (एका मिलिलिटरमागे विषाणूच्या प्रती) 1000 च्या वर गेला तर 'रोज घेतोस ना?' विचारू नका, उत्तर 'हो'च येणार. 'गेल्या चार दिवसांत कोणती गोळी राहिली, तेव्हा जवळ कोण होतं?' असं विचारा. अडचण तिथेच सापडते. ती दूर करून साधारण 3 महिने गोळ्या नीट घेतल्यावर तपासणी पुन्हा करतात. औषध बदलायचं की नाही, हे डॉक्टर त्यानंतर ठरवतात.