नाशिकच्या थंडीत ऑईल पेंट : अकराच्या आत डबा उघडू नका

दिवाळीत राहून गेलेलं रंगकाम संक्रांतीच्या आत उरकायची घाई नाशिकमध्ये बऱ्याच घरांत असते. प्लास्टिक पेंट असेल तर निभावून जातं. पण स्वयंपाकघर, पॅसेज किंवा जिन्यालगतचा कमरेएवढा पट्टा ऑईल पेंटने करायचा असेल, तर जानेवारीत गाठ थंडीशी असते. निफाडकडे पारा 5-6 अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. शहरातही पहाटे 8-10 अंश असतात, आणि दुपारी तेच 27-28 वर जातं. आपल्याला काम करायचंय ते या दुपारच्या चार तासांत.

ऑईल पेंट नुसता उडून वाळत नाही. टर्पेंटाईन उडून गेलं तरी मागे उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, आणि गारठ्यात ही क्रिया रेंगाळते. डब्यावर छापलेले वाळण्याचे तास उबदार हवेचे असतात. 10 अंशांच्या खाली तर ब्रश हातात घेऊच नये.

हे मी शिकलो ते पॅसेजमध्ये. पाहुणे यायचे म्हणून संध्याकाळी साडेसहाला दुसरा हात मारला. सकाळी बघतो तर चकाकी गेलेली, भिंत दुधी पडलेली, बोट टेकवलं की ठसा. चौथ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या काकूंच्या शालीची लव अजून त्या भिंतीत आहे.

आधी भिंत तपासा. थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो; भिंत त्याहून गार असते, विशेषतः उत्तरेची, बाहेरच्या बाजूची. तळहाताची उलटी बाजू लावून बघा. ओल आहे का ते कळायला प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून भिंतीला दमटपणा दिसला तर रंग पुढे ढकला. नव्या प्लास्टरवर तर ऑईल पेंट लगेच नकोच, सिमेंटच्या क्षारामुळे तेलाचा अक्षरशः साबण होतो.

मग घासणं. चुना किंवा डिस्टेंपर असेल तर खरवडून काढा. जुना ऑईल पेंट पक्का असेल तर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चकाकी मारली की पुरे. स्वयंपाकघरात त्याआधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा पुसा, नंतर साध्या पाण्याने. जुन्या वाड्यांतल्या थरांत शिसं असू शकतं (रंगात शिशाची 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे). तिथे कोरडं घासू नका. ओला वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर), तोंडाला चांगला मास्क, आणि पोरांना त्या खोलीपासून लांब ठेवा. लांबी (भिंतीचे खड्डे-भेगा बुजवायची पुट्टी) पातळ थरांत भरा. थंडीत प्रत्येक थराला आणि त्यावरच्या प्रायमरला (रंगाआधीच्या अस्तराला) एकेक दिवस द्या.

रंगाचा दिवस. दहाला खिडक्या उघडून ऊन आत घ्या. डबा रात्रभर बाल्कनीत राहिला असेल तर रंग श्रीखंडासारखा घट्ट झालेला असतो, आणि हात आपोआप टर्पेंटाईनच्या बाटलीकडे जातो. तिथेच चूक होते. जास्त पातळ केलेला रंग ओघळतो, खालचा रंग झाकत नाही. झाकण पक्कं लावून डबा वीस मिनिटं कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, मग काठीने तळापासून ढवळा. गॅसवर किंवा गॅसजवळ मुळीच नाही. त्यानंतरही घट्ट वाटला तर लिटरला 50 ते 100 मिली टर्पेंटाईन, बस.

अकराला सुरुवात करा. दोन-अडीच फुटांचा तुकडा घ्या, आडवा ब्रश मारून रंग पसरा, मग वरून खाली हलका हात फिरवा. शेजारचा तुकडा आधीची कड ओली असतानाच जोडा. थर पातळ ठेवा. थंडीत जाड थर वरून साय धरतो, आत ओला राहतो, आणि दोन दिवसांनी सुरकुत्या पडतात. तीनला ब्रश खाली ठेवा, मग दोन फूट उरले असले तरी चालेल.

पाचच्या सुमारास खिडक्या लोटा, पण व्हेंटिलेटर उघडा राहू द्या. वास बाहेर जायला हवा आणि ताजी हवा आत यायला हवी. खोली गरम करायला शेगडी आणू नका. टर्पेंटाईनच्या वाफा पेट घेतात, आणि बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू जीवावर बेततो. रंगाच्या चिंध्याही चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेलाने त्या आपल्याआप तापून पेटू शकतात. अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

दुसरा हात. मी 48 तास थांबतो. शंका आली तर दाराआडच्या कोपऱ्यात 320 नंबरचा पेपर हलकेच फिरवा. पांढरी भुकटी पडली तर भिंत तयार आहे. पेपरला रंगाच्या गुठळ्या चिकटल्या, तर अजून एक दिवस गप्प बसा.

कपाटं आठ दिवस भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कॅलेंडरचा खिळाही तोवर थांबेल.